ओळखीने भरती: तुमचे प्रश्न

जाहिरात दिली की ढीगभर अर्ज येतात, पण मुलं महिन्याभरात सोडून जातात. कामगारांच्या ओळखीने आलेली टिकतात. मग सगळी भरती ओळखीनेच करू का? (लघुउद्योजक, भोसरी)

ती टिकतात, कारण रात्रपाळ्या किती, पगार कुठल्या तारखेला, सुपरवायझर कसा, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. शिवाय ज्याने शब्द टाकला त्याची मान खाली जाऊ नये, ही काळजीही असते. पण सगळी भरती अशी करू नका. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम, आपल्या गावची, नात्यातली माणसं भरायचे. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतलेल्याला, काम हवं तर जॉबरची दस्तुरी, म्हणजे वरकमाई, द्यावी लागे. ही पकड सैल करायला १९३५ मध्ये बदली नियंत्रण पद्धत आणावी लागली.

ओळखीच्या माणसाला जरूर बोलवा, परीक्षा मात्र सगळ्यांची एकच घ्या. क्वालिटीच्या जागेसाठी मी एकदा दोघांना व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणि एक जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजायला दिला. एक आमच्या फोरमनचा पुतण्या, दुसरा आयटीआयच्या भरती मेळाव्यातून आलेला. पुतण्याने झटकन माप सांगितलं. दुसऱ्याने आधी जबडे पुसले, मिटवून शून्य जुळतंय का पाहिलं आणि मग जॉब धरला. जागा त्याला मिळाली. फोरमन चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी त्यांनी पारखून माणूस आणला.

ओळखीचा माणूस आणणाऱ्या कामगाराला रेफरल बोनस कधी द्यावा?

अर्धा रुजू झाल्यावर, अर्धा सहा महिन्यांनी. तो पगारातच धरला जातो, तेव्हा कराचं आधीच सांगून ठेवा.

नांदेडहून पुण्यात आले. इथे ओळखीचं कुणीच नाही. रेफरल कुठून आणू?

ओळख जवळचीच लागते, असं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळ नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं. १९७३ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून ती कळलेले साधारण सहांत एक. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. जिवलग मैत्रिणीला बहुतेक तुम्हाला माहीत असतं तेवढंच माहीत असतं.

म्हणून कॉलेजच्या दोन वर्षं पुढच्या सीनियरला बिनधास्त मेसेज करा. नुसतं 'जॉब असेल तर सांगा' नको. कुठलं पद, काय येतं, कधी रुजू होऊ शकता, हे तीन ओळींत लिहून बायोडेटा जोडा. तिला तो मेसेज जसाच्या तसा एचआरला पुढे पाठवता आला पाहिजे.