अचानक नव्हे, अस्मानी-सुलतानी

व्यवस्थापनात पीएच.डी. करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: 'एक्झॉजिनस शॉक'ला, म्हणजे ज्याचा परिणाम अभ्यासायचा त्या व्यवस्थेला बाहेरून बसलेल्या धक्क्याला, 'आकस्मिक घटना' म्हणावं का?

मुळीच नाही. प्रबंधांत, व्याख्यानांत हा घोळ सारखा भेटतो आणि दर वेळी डोकं उठतं. मुद्दा अचानक येण्याचा नाही, बाहेरून येण्याचा आहे. तोट्यातल्या कंपनीच्या प्रमुखाने रातोरात राजीनामा दिला, तर ते आकस्मिक खरं. पण कारण कंपनीच्या पोटातच होतं. मग विक्री घसरली ती राजीनाम्यामुळे की जुन्या दुखण्यामुळे?

मराठीत यासाठी कधीचा शब्द आहे: अस्मानी-सुलतानी. इजाऱ्याच्या, म्हणजे सारावसुलीच्या मक्त्याच्या, जुन्या करारांत अस्मानी-सुलतानी झाली तर सूट मिळे, कारण पाऊस दडला किंवा फौज पिकं तुडवून गेली, यात इजारदाराचा हात नसे. संशोधकाची अट नेमकी हीच: ज्यांच्यावरचा परिणाम मोजायचा, त्यांचा धक्क्यात हात नसावा!

आणि 'अस्मान' बघा. फारसी आस्मान, त्यामागे अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातला, 'अस्मन्'. त्याचे अर्थ दोन, दगड आणि आकाश. आपल्या 'अश्मयुगा'तला अश्म त्याचाच सख्खा भाऊ. आकाश हे दगडी छत, अशी त्या लोकांची कल्पना असणार, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे अस्मानी संकट हा छतातून निखळलेला दगड. 'शॉक' याहून वेगळा काय असतो? 'एक्झॉजिनस'ला 'बहिर्जात' सुचवणाऱ्या परिभाषाकारांनी हे घर सोडून बाजारात शब्द शोधला. अशा धक्क्यांवर बेतलेल्या अभ्यासाला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणणाऱ्यांनी तर सांगावंच, सरकारी कायद्यात निसर्ग कुठे असतो? चरकाचा 'आगंतु' (बाहेरच्या कारणाने झालेला रोग) अर्थाला अचूक, पण मराठीत आगंतुक म्हणजे न बोलावता जेवायला आलेला.

अस्मानीचा नमुना: अमेरिकेत 112 नामवंत जीवशास्त्रज्ञ अकाली, अनपेक्षित वारले. पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं, की त्यांच्या सहलेखकांचं संशोधन त्यानंतर 5 ते 8 टक्क्यांनी घटलं आणि पुन्हा भरून आलं नाही. मृत्यूची वेळ सहलेखकांच्या हातात नव्हती, म्हणून हे मोजता आलं.

सुलतानीत मात्र सावध राहावं. नॉर्वेने 2003 मध्ये संचालक मंडळांत 40 टक्के स्त्रियांचा कायदा केला, सक्ती 2008 पासून. मधल्या वर्षांत काही कंपन्यांनी आपला कायदेशीर प्रकारच बदलून घेतला आणि त्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. फौज येणार हे आधी कळलं, की इजारदार पीक कापून मोकळा होतो.