दादा स्टँडवर झोपतात, घरी आणू का?

प्रश्न : माझे थोरले बंधू मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे एका कारखान्यात सिक्युरिटीला लागले, पण पिऊन ड्यूटीवर गेले म्हणून काढलं. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेल्या. आता दादा साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर बूट उशाला घेऊन झोपतात. पेन्शन जमा झाली की आठवडाभर चंगळ, मग उधारी. घरी आणलं की देवाची शपथ घेतात आणि चार दिवसांत पुन्हा स्टँड गाठतात. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. काय करू?
— धाकटा भाऊ, सातारा जिल्हा

उत्तर : राम राम. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता व्यसनमुक्तीचं काम करतो. म्हणून आधी धोक्याचं सांगतो. दादांना घरात कोंडून दारू एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात. यात माणूस दगावूही शकतो. शपथ मोडते ती बऱ्याचदा इथेच, आणि घरच्यांना वाटतं बेइमानी केली.

तेव्हा आधी दवाखाना, मग घर. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकला न्या, तिथून मानसोपचाराला रेफर करून घ्या. औषधांवर दारू उतरली की व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६पासून हे काम करतंय. कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) स्टँडवर हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार कसा करायचा ते कल्याण कार्यालयातले लोक सांगतील. आणि हयातीचा दाखला वेळेत गेलाय का, तेवढं बघा. रस्त्यावरच्या माणसाचा तो हमखास राहतो आणि पेन्शन अडकते.

न्यायला तुम्ही एकटे जाऊ नका. त्यांच्या पलटणीतला कुणी आसपास असेलच, त्याला सोबत घ्या. चाळिशीच्या आत-बाहेर वर्दी उतरते, पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंतचा दिवस एका झटक्यात रिकामा होतो. हे भावाला सांगता येत नाही, ते पलटणीतल्या जोडीदाराला सांगतात, शिव्या घालून का होईना.

गावाचं म्हणाल, तर लग्नाच्या हळदीला 'कँटीनची आहे का?' म्हणून मिलिटरी कँटीनची दारू मागायला दादांच्या दारात कोण कोण उभं राहायचं, आठवून बघा. त्यांच्यापुढे मान खाली घालायचं तुम्हाला काही कारण नाही.

तोवर स्टँडवर भेटायला जात राहा. जेवण द्या, चादर द्या, रोख देऊ नका. वहिनींना मात्र 'सुधारलेत, या' असा फोन इतक्यात करू नका.