जगातलं कोणतं न सुटलेलं रहस्य तुमच्या डोक्यातून जात नाही? आणि त्यातलं कोणतं सुटेल असं वाटतं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की भुताखेताचं आणि एलियनचं नको, खरं घडलेलं पण अजून न उलगडलेलं सांगा. मग बर्म्युडा ट्रँगल आधीच बाजूला काढतो. तिथं जहाजं बुडाली, विमानं पडली, डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकन नेव्हीची पाच विमानं १४ जणांसकट गेली हे खरंय, पण त्या समुद्रात जितकी ये-जा आहे त्या मानाने तिथं काही जास्त घडतं असं अमेरिकेचा कोस्ट गार्डसुद्धा मानत नाही.

माझं उत्तर एमएच ३७०. ८ मार्च २०१४, मलेशिया एअरलाइन्सचं बोइंग ७७७, क्वालालंपूरहून बीजिंगला, आत २३९ माणसं, त्यात पाच भारतीय. रात्री १२:४२ ला उडालं, १:१९ ला कॉकपिटमधून शेवटचं गुड नाईट ऐकू आलं आणि दोनच मिनिटांत कंट्रोलच्या स्क्रीनवरून विमान गायब. इथपर्यंत सगळ्यांना माहितीय. यापुढचं लोक नीट वाचत नाहीत, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढंच आहे.

कारण विमान तिथं पडलं नाही. मिलिटरी रडारवर नंतर दिसलं की ते मागं वळलं, मलेशिया ओलांडून पश्चिमेला अंदमानच्या दिशेनं गेलं, २:२२ नंतर रडारमधूनही बाहेर. पण विमानातलं एक यंत्र हिंदी महासागरावरच्या इनमारसॅट कंपनीच्या सॅटेलाईटला मधूनमधून उत्तर देत राहिलं. त्यात बोलणं नाही, ठिकाण नाही, फक्त "मी चालू आहे" एवढंच. सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला यावरून इंजिनिअर लोकांनी विमान सॅटेलाईटपासून किती लांब होतं ते काढलं. म्हणजे खुंटीला दोरी बांधून वर्तुळ काढावं तसं, विमान त्या वर्तुळावर कुठंतरी होतं एवढं नक्की, पण कुठल्या जागी ते नाही. शेवटचं उत्तर सकाळी ८:१९ ला. म्हणजे जग ज्याला पडलं समजत होतं ते विमान आणखी सात तास हवेत होतं. सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत जो बारीक फरक पडला होता त्यावरून ते दक्षिणेला गेलं हे कळलं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला, जिथं मैलोन् मैल बेट नाही की बोट नाही.

मी बेळगावला उद्यमबागेत एका वर्कशॉपला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे म्हणून असेल कदाचित, पण मला या सगळ्यात अडकवून ठेवलं ते एका पार्टनं. जुलै २०१५ मध्ये मादागास्करजवळच्या रियुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्या लोकांना पंखाचा एक तुकडा मिळाला. फ्लॅपेरॉन म्हणतात त्याला, पंखाच्या मागच्या कडेला असतो, साधारण दोन मीटर लांब. त्याच्यावर शिंपल्यासारखे समुद्री जीव, बार्नॅकल म्हणतात ते, चिकटून वाढलेले. फ्रान्सच्या तपास करणाऱ्यांनी त्यात आत कॅमेरा घालून बघितलं आणि आतल्या पार्टवर जे नंबर होते ते स्पेनमधल्या बनवणाऱ्या कंपनीच्या रेकॉर्डशी ताडले. एक नंबर जुळला आणि तो तुकडा याच विमानाचा हे पक्कं झालं. आमच्याकडे कास्टिंग आलं की त्याच्यावर हीट नंबर असतो, जॉब पुढं पाठवताना बॅच नंबर पंच करतो, रजिस्टरला लिहितो, रोजचं काम आहे ते, कुणी मान वर करून बघत पण नाही. स्पेनमध्ये असंच कुणीतरी कुठल्यातरी शिफ्टला तो नंबर टाकून रेकॉर्डला चढवला असेल, आणि बारा-तेरा वर्षांनी २३९ घरांना पहिला खरा पुरावा मिळाला तो त्या एका नोंदीमुळं. हे वाचल्यापासून मी रजिस्टर भरताना घाई करत नाही.

पुढं टांझानिया, मॉरिशस, मोझांबिक, मादागास्कर अशा ठिकाणी आणखी तुकडे मिळाले. ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीननं मिळून १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्राचा तळ सोनारनं, म्हणजे आवाजाच्या लाटा सोडून बघितला, पाणी कुठं कुठं चार-चार किलोमीटर खोल, जानेवारी २०१७ मध्ये थांबवलं. त्या शोधात १९ व्या शतकातली कोळसा नेणारी जहाजं सापडली, कुणी शोधत नव्हतं ती, पण विमान नाही. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी कंपनीनं सापडलं तर पैसे या बोलीवर शोधलं, तेही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मलेशियाचा रिपोर्ट आला, त्यात विमान बहुतेक हातानं वळवलं गेलं इतकं म्हटलंय, पण कुणी आणि का ते सांगता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. यूट्यूबवर बघाल तर सगळे कॅप्टनलाच दोषी ठरवून मोकळे. त्याच्या घरातल्या सिम्युलेटरवर, म्हणजे विमान उडवायचा सराव करायच्या कॉम्प्युटरवर, दक्षिणेकडच्या समुद्रातले पॉईंट सापडले हे खरंय आणि ते नजरेआड करता येत नाही. तरी पण एवढ्यावर एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर बाकीचे २३८ जीव घालायचे हे मला पटत नाही, त्यालाही घरदार आहे.

आता हे माझ्या डोक्यातून का जात नाही ते सांगतो. आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीत दोन-चार तरी मिलिटरीवाले, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच. भावकीतल्या एका आज्जीचे मालक ७१ च्या लढाईत गेले आणि तार आली ती मिसिंग म्हणून. पुढं काहीच नाही. आज्जीनं कुंकू पुसलं नाही. दरवर्षी म्हाळाला घरात तोच वाद, त्यांचं पान वाढायचं की नाही. मोठा मुलगा म्हणायचा वाढूया, किती वर्षं झाली. आज्जी म्हणायची, "आणि आले म्हणजे? तुमचं पान वाढून सोडलं म्हणून सांगू काय त्यास्नी?" यावर कोण काय बोलणार. पान वाढलं नाही, ती होती तोवर तरी नाही.

म्हणून मला न सुटलेलं रहस्य म्हटलं की बुडालेलं जहाज किंवा पडलेलं विमान आधी डोळ्यापुढं येत नाही, मागं घरात कोण राहिलंय ते येतं. मेरी सेलेस्ट घ्या. ७ नोव्हेंबर १८७२ ला न्यूयॉर्कहून इटलीतल्या जिनोआला निघालेलं शिडाचं जहाज, अल्कोहोलचे १,७०१ पिंप भरलेले. महिन्याभरात अझोर्स आणि पोर्तुगालच्या मधे दुसऱ्या एका जहाजाला ते भरकटताना दिसलं. आत माणूस नाही. खाणंपिणं सहा महिने पुरेल इतकं, मालाला धक्का नाही, फक्त लाईफबोट आणि दिशा बघायची साधनं गायब, तळात साडेतीन फूट पाणी. गरम चहाचे कप टेबलावर होते वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ती सगळी नंतरची भर आहे, शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलनं १८८४ मध्ये यावर एक काल्पनिक गोष्ट लिहिली तेव्हापासून तर खरं-खोटं पार मिसळून गेलं. जहाजावर एकूण दहा जण होते, कॅप्टन ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी. आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा आर्थर जहाजावर नव्हता, त्याला घरी आज्जीकडे ठेवलं होतं. या पोराबद्दल कुणी व्हिडीओ करत नाही.

त्यांचं काय झालं असावं? मला सगळ्यात पटतं ते म्हणजे पिंपातून वाफ सुटली, नऊ पिंप रिकामे निघाले होते, स्फोट होईल या भीतीनं कॅप्टननं सगळ्यांना बोटीत उतरवलं आणि वाऱ्यानं जहाज पुढं निघून गेलं. जळाल्याच्या खुणा नव्हत्या म्हणून पूर्वी लोक हे नाकारायचे, पण २००६ मध्ये लंडनच्या एका युनिव्हर्सिटीतल्या केमिस्टनं मॉडेल करून दाखवलं की अशा वाफेचा भडका मागं काजळीसुद्धा न ठेवता होऊ शकतो. पण सिद्ध होणार नाही. ते जहाजच १८८५ मध्ये हैतीजवळ विम्याच्या पैशासाठी मुद्दाम खडकावर घातलं, आता तपासायला उरलंय काय.

डायटलोव्ह पासचं बरेच जण विचारतात, १९५९ मध्ये उरल पर्वतात नऊ ट्रेकर तंबू आतून फाडून उणे तापमानात बाहेर पळाले आणि मेले. ते माझ्या मते जवळजवळ सुटलंय, २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या दोन शास्त्रज्ञांनी बर्फाची लादी सरकल्याचं गणित मांडलंय आणि ते बऱ्यापैकी बसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणून माझं उत्तर परत एमएच ३७० च. हे सुटेल असं मला मनापासून वाटतं. एअर फ्रान्सचं ४४७ विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली, त्याचे ब्लॅक बॉक्स मे २०११ मध्ये जवळपास ३,९०० मीटर खोलीतून काढले आणि दोन वर्षं पाण्यात राहून पण त्यातला डेटा पूर्ण वाचता आला. एमएच ३७० ला काळ जास्त झालाय हे खरं, पण मेमरी चिप टिकली असण्याची आशा आहे. एक अडचण मात्र आहे. त्यातला आवाजाचा रेकॉर्डर फक्त शेवटच्या दोन तासांचं ठेवतो, मग त्याच्यावरच पुढचं चढतं, म्हणजे १:२१ ला कॉकपिटमध्ये काय बोलणं झालं ते सापडलं तरी ऐकायला मिळणार नाही. पण दुसरा, डेटाचा रेकॉर्डर, २५ तासांचं ठेवतो. विमान वळवलं तेव्हा कुठला स्विच कधी दाबला, हवेचा दाब कधी कमी झाला, इंधन कधी संपलं, हे सगळं त्यात असायला पाहिजे. मलेशियानं २०२५ मध्ये ओशन इन्फिनिटीशी परत करार केलाय, १५,००० चौरस किलोमीटरचा नवीन पट्टा, सापडलं तरच ७ कोटी डॉलर. त्या बातम्या मी बघत असतो, काही नवीन आलं तर याच उत्तरात खाली ॲड करीन.