१५ ऐवजी १८ मिलिग्रॅम म्हणजे डोस वाढला का?

तुम्ही विचारलंय की ९ वर्षांचा मुलगा मिथाईलफेनिडेटची (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, यावरचं औषध) ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतो, आता डॉक्टर १८ मिलिग्रॅमची दिवसभर टिकणारी एकच गोळी द्या म्हणतात, तर डोस वाढवला का, आणि असं एकदम बदललं तर चालतं का. मी डॉक्टर नाही. पण माझ्या मुलीचा हाच बदल, याच आकड्यांसह झालाय आणि १५ चे १८ कसे झाले या हिशेबावर मीही एक रात्र जागून काढलीय.

साध्या गोळीचा असर तीन ते चार तास राहतो. १८ ची गोळी सगळं औषध एकदम सोडत नाही. तिच्या बाहेरच्या थरात साधारण २२ टक्के, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या आसपास औषध असतं, ते लगेच विरघळतं. उरलेलं आत असतं. पोटातलं पाणी आत शिरलं की तळचा थर फुगतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातून औषध हळूहळू बाहेर ढकलत राहतो. असर १०-१२ तास चालतो. म्हणजे सकाळचा पहिला धक्का आताच्या ५ च्या गोळीपेक्षा मोठा नसतो. ५ ची दोनदा किंवा तीनदा घेणाऱ्यांना १८ पासून सुरुवात करणं हा ठरलेला हिशेब आहे, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही केलेलं नाही. औषध तेच असल्यामुळे मधे दिवस सोडावे लागत नाहीत. आम्हाला डॉक्टरांनी आज जुनी, उद्या सकाळी नवी, असंच सांगितलं होतं.

आमच्याकडे खरा प्रश्न दुपारच्या गोळीचा होता. वर्गातून उठून जाऊन ती घ्यायची मुलीला लाज वाटायची. एकदा दप्तराच्या तळाशी चार गोळ्या सापडल्या. शिवाय एक डोस उतरून दुसरा चढेपर्यंतच्या अर्ध्या तासात ती नुसती धुमसायची, भांडणं नेमकी तेव्हाच. नव्या गोळीने ते थांबलं, आठवड्याभरातच.

पण दुपारची भूक गेली. डबा जसाच्या तसा परत, आणि रात्री नऊला मात्र स्वयंपाकघरात धाड! शेवटी आम्ही वेळच बदलली: उठल्याबरोबर पोटभर नाश्ता, मग गोळी, आणि संध्याकाळी उशिराचं जेवण हेच मोठं जेवण. गोळी साडेआठला दिली की झोप अकराच्या पुढे जायची, सातला दिली की जमायचं. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठवण्याची चैन त्यामुळे संपली, याबद्दल घरात अजून कुरबुर आहे. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब हे दर भेटीत मोजून घ्या, कुणी विसरलं तर आठवण करून द्या.

गोळी अख्खी गिळता येते का, हे मात्र आधी बघा. ती तोडली, चावली किंवा कुटली तर सगळं औषध एकदम सुटतं. आम्ही पंधरा दिवस गोड गोळ्यांवर गिळायचा सराव केला, आधी बारीक, मग मोठ्या. जमत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दाण्यांची कॅप्सूल येते, ती उघडून मऊ अन्नावर पसरून देता येते, फक्त दाणे चावायचे नाहीत. तिचा असर थोडा कमी तास, साधारण आठ तास असतो. म्हणून दुकानदाराने ‘हीपण लांब असराचीच आहे’ म्हणून दुसरी हातात ठेवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. औषधाचं नाव एकच असलं तरी सुटण्याची तऱ्हा वेगळी असते.

आणि शौचात अख्खी गोळी दिसली तर माझ्यासारखी रात्री डॉक्टरांना फोन करायची धावपळ करू नका. ते रिकामं टरफल असतं, औषध आतून निघून गेलेलं असतं. सकाळची गोळी विसरली तर आम्ही दुपारनंतर देत नाही, तो दिवस तसाच काढतो. तुमच्यासाठी उशिराची मर्यादा किती वाजेपर्यंतची, हे बदल करतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या.