दहा दिवस मेळघाटात स्वयंसेवक म्हणून राहून आलो. त्या गावाशी नातं कायम ठेवायचं आहे, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या एका गावात दहा दिवस होतात, निघताना बायका-पोरं गाडीपर्यंत आली होती, आणि पुण्याला परतल्यापासून ‘आता पुढे काय’ हे मनातून जात नाही. मी अकरा वर्षं चिखलदरा तालुक्यातल्या एकाच गावात जाते आहे. तेवढ्या बळावर सांगते: होळीला जा.

पावसाळ्यात आपण सगळेच जातो. ते महिने लहान बाळांच्या जिवावरचे असतात. जुलाब, न्यूमोनिया, नाल्याला पूर, कणगीतलं धान्य संपत आलेलं आणि आई दिवसभर शेतात. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली. तेव्हापासून पावसाबरोबर बाहेरची माणसंही येतात. वजन करतात, दंडाचा घेर मोजतात, वहीत लिहितात, जातात. या कामाला मी जराही कमी लेखत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरला तर त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं, एवढं कळणारा माणूस त्या रात्री घरात असणं म्हणजे एक जीव वाचणं. पण दुसऱ्या वर्षी आम्ही गावात पाय ठेवला तेव्हा ओट्यावरच्या एका आजीने पहिलाच प्रश्न विचारला, “किसके घर बीमार है?” आम्ही दिसलो म्हणजे कुणाच्या तरी घरी आजार असणार, हेच तिच्या मनात बसलं होतं. तो प्रश्न मला फार लागला.

दिवाळीनंतर ही गावं अर्धी रिकामी होतात. कुणी हरभरा कापायला, कुणी वीटभट्टीवर, कुणी संत्र्याच्या बागांत. होळीला मात्र माणूस कुठेही असला तरी घरी येतो. इथल्या कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण. म्हणून आजीच्या त्या प्रश्नानंतरच्या मार्चमध्ये मी वही आणि वजनकाटा घरी ठेवून एकटीच गेले. “कुछ काम है क्या?” म्हणून चार जणांनी विचारलं. नाही म्हटल्यावर दोन दिवस कुणाला माझं काय करावं ते कळेना. तिसऱ्या दिवशी बायकांनी हाताला धरून नाचात ओढलं. पावलं सारखी चुकत होती, आणि एक दहा-बारा वर्षांची मुलगी न कंटाळता पुन्हा पुन्हा दाखवत होती. त्या गावात आपण शिकवायला जातो. शिकायला बसलो की घरातल्या माणसांची आपल्याकडे बघायची नजर बदलते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्या ओट्यावरच्या आजी स्वतः माझ्याकडे आल्या. नातवाचं पोट फुगलं होतं. डंबा द्यायचा विचार चालला होता, म्हणजे तापल्या विळ्याने पोटावर चटके. आधी हे असलं काही आम्हाला चटके देऊन झाल्यावर, जखमा बघूनच कळायचं. त्या दिवशी आधी कळलं, बाळाला आरोग्य केंद्रात नेता आलं आणि ते वाचलं. डंब्यावरून मी पूर्वी आयांना रागावले आहे. ते चुकलं. आजी नातवाला चटका देते ती त्याला वाचवायलाच. हे धरून बोलायला सुरुवात केली की ती ऐकते. भुमक्याचंही, म्हणजे गावात पारंपरिक उपचार करणाऱ्याचंही, तेच. गावात गेल्यावर त्याच्याही घरी जाऊन बसा.

मेळघाटातल्याच बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे १९८०च्या दशकात तिथे राहायला गेले. त्यांचं पहिलं मूल गावातच जन्मलं आणि गंभीर आजारी पडलं. शहरात न्या, असं लोक म्हणत होते. गावातल्या मुलांवर जे उपचार होतात तेच याच्यावर करायचे, असं स्मिताताईंनी ठरवलं. तेवढं धैर्य माझ्यात नाही, तुमच्याकडूनही कुणी मागणार नाही. पण लोक काय बघत असतात ते यातून कळतं: या माणसाचं आपल्यासारखंच काही पणाला लागलंय का?

आता माझ्या हातून झालेलं सांगते, कारण हीच चूक तुमच्याकडूनही होऊ शकते. एका बापाने विचारलं, मुलाला परतवाड्याला शिकायला ठेवता येईल का? मी म्हटलं, “बघते.” आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे जमलं तर जमलं. त्याने तो शब्द धरून ठेवला. माझा निरोप येईल म्हणून जवळच्या आश्रमशाळेत नाव घातलं नाही, आणि पोराचं वर्ष गेलं. मी पुण्यात कामात बुडाले होते. पुढच्या खेपेला त्याने पाणी दिलं, चहा दिला आणि एवढंच म्हणाला, “फोन तो करना था.” नंतर त्या मुलाच्या प्रवेशासाठी मी तीन खेपा घातल्या, तरी गेलेलं वर्ष आलं नाही. आता जमणार नसेल तर तिथल्या तिथे ‘नाही जमणार’ म्हणते. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण तो दुसऱ्या वाटेला तरी लागतो.

कोरकू भाषा शिकायला घ्या. ती मुंडा कुळातली आहे, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, त्यामुळे कानाला काहीच ओळखीचं लागत नाही. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ लागलं की अनेकवचन, म्हणजे कोरकू म्हणजे माणसं. पाण्याला ‘डा’. पोरं उत्तम शिकवतात. आणि गावातल्या आशाताईंचा, म्हणजे आशा आरोग्यसेविकेचा, फोन नंबर घ्या, महिन्यातून एकदा फोन करा. रेंज मिळाली नाही तर पुन्हा करा. आपण दहा दिवस असतो, उरलेले ३५५ दिवस ते गाव त्याच सांभाळतात. तुमच्या प्रश्नात जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवायचा विचार दिसला. माझं ऐकाल तर पाठवू नका. पुढच्या वेळी तुम्ही दिसलात की आधी गाठोडं शोधलं जाईल. न्यायचंच असेल तर गेल्या वेळी काढलेले फोटो छापून न्या, आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा द्या.

होळीच्या आठवड्यात परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाणाऱ्या एसट्यांना फार गर्दी असते, सकाळची पहिली गाडी धरा. वाटेत बाया-पोरं रस्त्यावर दोरी धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि खाली उतरून द्या.