अमूर्त, म्हणजे ज्यात ओळखीचं काहीच दिसत नाही अशा चित्रांसमोर मला काहीच वाटत नाही. भारावून जाणारे लोक नाटक करतात का?

काही जण करतात. उद्घाटनाच्या संध्याकाळी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत गेलात तर हातात चहाचा कप धरून 'काय अवकाश आहे!' म्हणणारे हमखास भेटतील. पण तुम्ही लिहिलंय की बायको एका निळ्या-करड्या चित्रापुढून बराच वेळ हललीच नाही आणि तुम्ही दाराशी मोबाइल बघत थांबलात. नाटकाला प्रेक्षक लागतो. ती तर तुम्हालाच विसरली होती.

मी चित्रकलेतली नाही. फोर्टात नोकरी करते आणि जेवणाच्या सुट्टीत जहांगीरमध्ये डोकावते, कारण तिथे तिकीट नाही. (२०१५ साली तिथलं समोवार कॅफे बंद झालं तेव्हापासून निम्मी मजा गेली, ते सोडा.) तेव्हा हे उत्तर नुसत्या बघणारीचं.

आधी तुमचं ते वाक्य: 'हे तर माझा मुलगाही काढेल.' अहो, म्हणजे काहीतरी वाटलं की! चिडचिड झाली. आणि या वाक्याची चाचणीसुद्धा झालेली आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नामवंत अमूर्त चित्रकाराचं एक चित्र आणि लहान मुलाचं किंवा माकडा-हत्तीचं एक, अशा जोड्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. काही जोड्यांवर चित्र कुणाचं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या मुद्दाम उलट लावल्या होत्या. तरीही लोकांनी निम्म्याहून जास्त वेळा चित्रकाराचंच चित्र जास्त चांगलं म्हणून उचललं, त्यात कला न शिकलेलेही आले. दर वेळी मात्र नाही. म्हणजे अधूनमधून तुमचा मुलगा जिंकेलही.

माझ्यापुरतं सांगायचं तर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्राने मला पहिल्यांदा थांबवलं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा माणूस १९६४ साली फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेला, पण तो तिकडून अमूर्त होऊन आला असं नाही, ओढ आधीपासूनच तिकडे होती. मुंबईच्या नॅशनल गॅलरीत, रीगल सिनेमासमोरच्या त्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, त्यांचं चित्र बघताना सोबतची मैत्रीण म्हणाली, 'आमच्या चाळीची भिंत पावसाळ्यानंतर अश्शीच दिसते.' ती हसली, मीही हसले, पण तिचं काही चुकलं नव्हतं. ओल जशी आतून वर येते तसा त्या चित्रात रंग खालून वर येतो. कारण गायतोंडे रोलरने रंगाचे थर चढवायचे आणि पॅलेट नाइफने (रंगकामाच्या पातळ सुरीने) खरवडून काढायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. फरक इतकाच की ओल कुठे थांबायचं ते ठरवत नाही. इथे कुणीतरी ठरवलं होतं, आणि ते कळायला मला बराच वेळ तिथे उभं राहावं लागलं. मग डोळे निवळले, खांदे खाली आले. आनंद, दुःख असलं काही नव्हतं. श्वास संथ झाला, बस्स.

अमेरिकन अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉकचं मूळ चित्र मी पाहिलेलं नाही, आणि मोबाइलवर पाहून त्याच्याबद्दल मत बनवू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचं 'ऑटम ऱ्हिदम' (१९५०) पाच मीटरहून जास्त रुंद आहे. कॅनव्हास जमिनीवर अंथरून, भोवती फिरत त्याने रंग ओतला, शिंपडला. ते तळहाताएवढ्या काचेवर बघून 'गुंता आहे' म्हणणं सोपं आहे. त्याच्याच काळातल्या बार्नेट न्यूमन या अमेरिकन चित्रकाराने तर १९५१ च्या प्रदर्शनात सूचनाच लावली होती की ही मोठी चित्रं जवळून बघण्यासाठी आहेत. आपण नेमकं उलट करतो, चार पावलं मागे सरकतो आणि त्यात काय 'दिसतंय' ते शोधतो.

मार्क रॉथ्को या अमेरिकन अमूर्त चित्रकाराच्या चित्रांसमोर लोक रडतात हे तुम्ही वाचलंय. खरं आहे, आणि त्याला स्वतःलाही त्याचं अप्रूप होतं. आपली चित्रं कुठे लागतात याबद्दल तो इतका हळवा होता की न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी घेतलेलं मोठं काम त्याने सोडून दिलं, आगाऊ घेतलेले पैसेही परत केले. त्यातली काही चित्रं शेवटी लंडनच्या टेट गॅलरीत गेली. पण कुणी रडतं म्हणून तुम्हीही रडायला हवं असं कुठे आहे? मला आजवर एकाही चित्रापुढे रडू आलेलं नाही.

आणि आणखी एक शक्यता: तुम्हाला काहीच वाटलं नाही ते चित्रच सुमार असेल. सोफ्याच्या कव्हरला मॅचिंग अशी पुष्कळ अमूर्त चित्रं मुंबईत विकली जातात. माझी कसोटी साधी आहे. पाच मिनिटांनी चित्रात पहिल्या मिनिटापेक्षा जास्त काही सापडलं नाही, तर मी पुढे जाते. शरमायचं काय त्यात?

पुढच्या वेळी आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जा, शनिवारी-रविवारी तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी असते. भिंतीवरचं निवेदन शेवटी वाचा, ते बहुधा चित्रापेक्षा अवघड असतं. बायको ज्या चित्रापाशी थांबेल तिथेच उभे राहा, पण तिला 'काय दिसतंय गं?' असं तेवढं विचारू नका.