आईची परवानगी असली तरी सातनंतर नाही

प्रश्न : पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ आमचं लहानसं बार अँड रेस्टॉरंट आहे. किचन मी बघते, काउंटर नवरा. मे महिन्यात गिऱ्हाईक वाढतं आणि नेमके तेव्हाच दोन कामगार गावी जातात. शेजारचा मुलगा सोळा वर्षांचा, दहावीची परीक्षा दिलेला. त्याची आईच म्हणाली, मोबाइल बघत लोळण्यापेक्षा तुमच्याकडे चार पैसे तरी कमवील. दुपारी बारा ते साडेतीन आणि संध्याकाळी सात ते अकरा असं ठरवतोय. पगार अकरावी सुरू होताना एकरकमी देऊ, म्हणजे उडवणार नाही. नवरा म्हणतो, आईची परवानगी आहे, मग कोण विचारतो? वकीलबाई, काही अडचण आहे का?

उत्तर : ताई, मुलगा ठेवायला अडचण नाही. अडचण तुमच्या वेळापत्रकात आहे, आणि त्याहून मोठी तुमच्या फ्रिजमध्ये.

बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला बाहेरच्या माणसाने कामावर ठेवायचंच नाही. चौदा ते अठरा या वयाला कायदा ‘किशोर’ म्हणतो. त्याला खाण, स्फोटकं, ज्वलनशील पदार्थ अशी धोक्याची कामं बंद. बाकीची चालतात, पण घड्याळ लावून. त्यामुळे जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला आधी हातात घ्या. ‘सोळाचा असेल’ हे शेजारणीचं बोलणं कागद नव्हे.

आता घड्याळ. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात त्याला काम देता येत नाही. म्हणजे तुमची सात ते अकराची पाळी संपूर्णच गेली. आईने लिहून दिलं तरी गेली. सलग तीन तासांहून जास्त काम नको, मग किमान एक तास विश्रांती. आणि आल्यापासून जाईपर्यंत, विश्रांती धरून, सहा तासांच्या वर नाही. टेबल रिकामी आहेत म्हणून तो नुसता दारात उभा असेल, तर तो वेळही या सहात मोजला जातो. हॉटेलवाले नेमके इथेच फसतात. ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी. सकाळी तो पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, कामाला जात असेल, तर त्याच दिवशी तुमच्याकडे चालणार नाही.

तुमची गर्दी दुपारची. साडेनऊला बोलवा, साडेअकराला जेवायला सोडा, साडेबारा ते साडेतीन थाळ्या वाढू दे. सहा तास झाले. त्याचं जेवण गर्दी ओसरल्यावर ठेवलंत तर मात्र तीन तासांचा नियम मोडेल. तळणीची कढई आणि सिलिंडर बदलणं ही कामं मोठ्या माणसाकडेच ठेवा, हे माझं आपलं सांगणं.

आता फ्रिज. गिऱ्हाईक काही वय विचारत नाही. हाक मारतं, ‘बाब, आनीक एक बियर हाड रे!’ आणि पोरगा धावत जाऊन बाटली आणून टेबलावर ठेवतो. तुम्ही सांगितलेलंही नसतं. पण बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू विकायला, न्यायला, पुरवायला वापरलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुमचं बार अँड रेस्टॉरंट आहे, म्हणून मला बालमजुरीच्या कायद्यापेक्षा याची धास्ती जास्त वाटते. टेबलाची ऑर्डर त्याने घ्यायचीच नाही, बाटली आणि ग्लास उचलायचा नाही, रिकामा क्रेटसुद्धा नाही. हे नवऱ्याला काउंटरवर सांगून ठेवा. एवढं जमणार नसेल तर मुलाला ठेवूच नका.

पगाराचं म्हणता, हेतू चांगला आहे तुमचा. पण कामावरच्या मुलाची कमाई अडवून ठेवणं हाही याच बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. उडवील की जपील हे त्याची आई बघेल. तुम्ही आठवड्याला किंवा महिन्याला हातात द्या आणि सही घ्या.

कागदपत्रं फार नाहीत. कामावर घेतल्यापासून तीस दिवसांत कामगार निरीक्षकाला लेखी कळवायचं : जागा कुठली, कारभार कोण बघतो, पत्ता, काम काय. रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, कामाची व विश्रांतीची वेळ. कामगार आयुक्तालय पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात आहे. तुमच्या तालुक्याचा निरीक्षक कोण ते तिथे सांगतील. वेळेचे हे नियम मोडले तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चौदाखालचा मुलगा ठेवला किंवा किशोराला धोक्याच्या कामाला लावलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही.

नवरोबांचा प्रश्न राहिला : कोण विचारतो? १०९८ हा क्रमांक कुणीही फिरवू शकतं. आठव्या टेबलावरचा पर्यटक, समोरचा हॉटेलवाला, किंवा पगारावरून बिनसलं तर शेजारीणच.

रात्रीच्या पाळीला अठरा पूर्ण झालेला माणूस शोधा, आणि त्याचाही जन्मदाखला बघा.